रेडिओचं बटण लावलेला कॅमेरा

‘नव्यात काय ठेवलं हाय?’ असं म्हणून तो कॅमेऱ्याचं वरचं झाकण उघडायचा आणि मान खाली घालायचा. गिऱ्हाईक समोर आणि ह्याचं तोंड स्वतःच्या पोटाकडे. वर्ध्यात त्याचा स्टुडिओ आणि माझं शिलाईचं दुकान पंधरा वर्षं भिंतीला भिंत लावून होतं, पण त्याने माझ्याकडे सरळ पाहून बोलल्याचं मला आठवत नाही. मला तो माणूस अजिबात आवडत नसे. आता तो नाही, म्हणून गोड बोलायचं, हे माझ्याने होणार नाही. तुमच्याही वाट्याला असा एखादा शेजारी आला असेल, तर तुम्ही मला दोष देणार नाही.

कॅमेरा दोन भिंगांचा होता, एकावर एक. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. नागपूरच्या जुन्या बाजारातून त्याने तो बंद पडलेला आणला आणि सहा महिने त्याच्या मागे लागून चालू केला. अंगाचं चामडं चपला शिवणाऱ्याकडचं, भिंगावरची छत्री पावडरच्या डब्याची. रोल पुढे सरकवायची मूळची किल्ली मोडली होती, तिथे त्याने रेडिओचं बटण बसवलं. त्या किल्लीत म्हणे अशी सोय होती, की रोल सरकल्याशिवाय दुसरा फोटो निघायचाच नाही. ती सोय किल्लीबरोबर गेली. आता फोटो काढला, की आठवणीने बटण फिरवावं लागे, नाहीतर दुसरा फोटो पहिल्यावरच उमटे.

‘आणि विसरलात तर?’ मी एकदा विचारलं.

‘मास्तर, हात इसरत नाई आपला.’

घमेंड कशाची, तर रेडिओच्या बटणाची.

रोल धुताना उजेड लागू नये म्हणून बाह्या असलेली एक काळी पिशवी लागते. ती मी त्याला शिवून दिली. त्याने ती तीनदा परत आणली. ‘टाका पातळ हाय मास्तर, उजेड शिरून राह्यला.’ माझ्या टाक्याला नाव ठेवणारा वर्ध्यात दुसरा कोणी झाला नाही. शेवटी मी म्हणालो, मग तूच शीव. आणि त्याने शिवली, तीही हातशिलाईने. ती चांगली झाली होती, ह्याचा मला जास्त राग आला.

धुतलेल्या रोलचं आंबूस पाणी तो आमच्या दोघांच्या नालीत फेकायचा. एकदा ते उडून माझ्या दारात वाळत घातलेल्या चोळीच्या खणावर पडलं.

‘काऊन फेकता माह्या दारात?’

‘पाणीच हाय, मास्तर.’

‘पाण्याचा असा पिवळा डाग पडते का?’

यावर तो झाकण उघडून कॅमेऱ्यात बघत बसला. खण मलाच भरून द्यावा लागला.

त्याची एक रीत मात्र ठरलेली होती. रोलमध्ये बारा फोटो. अकरा गिऱ्हाइकांचे. बारावा त्याच्या बायकोचा. प्रेमाबिमाने नव्हे हो, मशीन नीट चालतंय की नाही ते तपासायला. घरी गेला की तिला दारात उभी करायचा आणि बटण दाबायचा. मग निगेटिव्हवर तिच्या लुगड्याचे काठ स्पष्ट आलेत का, एवढंच बघायचा. कागदावर तिचा फोटो त्याने कधी काढला नाही. ती रोज दुपारी डबा घेऊन यायची, पायरीवर ठेवायची आणि न बोलता जायची. मी मनात म्हणायचो, काय हा माणूस.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझी आई आंजीला असायची, वांगी-मेथीचा मळा सोडून यायला तयार नव्हती. तिचा एकही फोटो नव्हता. आंजीच्या बाजाराला तो कॅमेरा आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन जायचाच, म्हणून मी त्याला मळ्यात नेलं. आई विहिरीच्या काठावर बसली, पण मान वर करेना.

‘बुढे, तोंड वर कर, नाईतं मशीन कटाळते,’ तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. ‘माय हाय माही. नीट बोल.’

‘मी काय वाईट बोललो?’

आमची अशी जुंपली, की आई आमच्याकडे बघून खुदकन हसली. नेमकं तेव्हाच त्याने बटण दाबलं. पुढे त्याचा हात रेडिओच्या बटणाकडे जाणार, एवढ्यात मी त्याचं मनगट धरलं आणि आणखी चार शब्द सुनावले. त्याने हात सोडवून घेतला, कॅमेरा पिशवीत कोंबला आणि तडक बस गाठली. हा अकरावा फोटो होता. घरी जाऊन त्याने बायकोला दारात उभी केली.

तीन आठवड्यांत आई गेली. तेरवीला फोटो हवा होता. मी विचारत होतो आणि तो म्हणत होता, ‘धुतो.’ तेरवीच्या आदल्या दिवशी त्याने कागदात गुंडाळलेला फोटो माझ्या मशीनवर ठेवला. एकाच फोटोत दोन बाया होत्या. हसरं तोंड आईचं, कपाळ आणि त्यावरचं कुंकू त्याच्या बायकोचं. आईच्या खांद्यावरून दुसऱ्याच लुगड्याचा काठ गेला होता.

‘दाढीच्या पत्तीनं निगेटिव्ह घासून पाह्यली मास्तर,’ तो म्हणाला. ‘तिले पुसून टाकत होतो. कुंकवापाशी हात थांबला.’

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत होता. निघताना म्हणाला, ‘एक करजा. ह्याले हार घालू नका. ती जित्ती हाय.’

म्हणजे बघा. माझ्या आईचा एकुलता एक फोटो, आणि त्याला हार घालायचा नाही, कारण ह्याची बायको जिवंत. गेलेल्या माणसाच्या फोटोलाच हार घालतात, हे काय मला कळत नव्हतं? तेरवी मी रिकाम्या पाटावर केली. फोटो दुकानामागच्या खोलीत टांगला. पुढे दरवर्षी आईच्या तिथीला मी झेंडूचा हार आणायचो आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हणायचो, ‘आज घालतोच.’ तो लगेच दारात येऊन उभा राहायचा. हार मी विहिरीत सोडून यायचो.

मनगट मी धरलं होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. एवढ्या वर्षांत त्याने ते एकदाही काढलं नाही. काढलं असतं, तर मला भांडायला बरं झालं असतं.

मग रंगीत फोटो आले, बाराऐवजी छत्तीस फोटोंचे रोल आले, पोरासोरांच्या हातात कॅमेरे आले. त्याच्याकडे कोणी फिरकेना. एका पावसाळ्यात छातीचं दुखणं होऊन तो दोन दिवसांत गेला. शेजारी म्हणून मी खांदा दिला. वाईट वाटलं नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

त्या वर्षी आईच्या तिथीला मी हार आणलाच नाही. अडवणारा नव्हता, तरी बाजारात जायला पाय उचलेना. दुपारी त्याची बायको आली. तिच्या हातात हार होता.

‘मास्तर, आता घाला,’ ती म्हणाली. ‘भेव त्याइले होतं. मले नाई.’

तिने मागच्या खोलीत जाऊन स्वतःच्या हाताने फोटोला हार घातला. मी बघत होतो. फोटोतल्या कपाळावर कुंकू होतं, समोरचं कपाळ उघडं होतं. मी पुढे होऊन हार काढला.

‘वैनी, तुमी जित्त्या हा ना अजून,’ मी म्हणालो. ‘तुमी हा तवर नाई.’

तेव्हा तिने पहिल्यांदा फोटोकडे नीट पाहिलं. तिला तो कोणी दाखवलाच नव्हता. पदराने काच पुसून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

‘मी अशी हासत होती?’ तिने विचारलं.

ते हसू माझ्या आईचं होतं. मी म्हणालो, ‘हो.’