पाणी न घातलेलं कूलंट

बाहेर उणे छत्तीस अंश होते आणि गाडीचं इंजिन तापत होतं. नेटी ह्रिट्सकने तापमानाच्या काट्यावरची नजर काढून रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं. काटा लाल पट्ट्याला टेकला होता. हीटरच्या जाळीतून मात्र पायांवर गार वारा येत होता. शेजारी तिचा नवरा ओरेस्ट दोन घोंगड्यांत गुंडाळून बसला होता. त्याला डायलिसिसला न्यायचं होतं. शहर अजून अर्ध्यावरही आलं नव्हतं, आणि पुढच्या जंगलात फोन लागत नाही हे टॅमरॅक लेक गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तिने गाडी वळवली. इंजिन निवू द्यायचं, थोडं चालवायचं, पुन्हा थांबायचं, असं करत ती घरी आली तेव्हा ओरेस्टच्या मिशीवर श्वासाचा बर्फ साचला होता. त्याचं त्या दिवसाचं डायलिसिस चुकलं.

दवाखान्यातल्या नर्सने फोनवर आवाज चढवला नाही. उद्या सकाळी एक खुर्ची रिकामी आहे, ती तुमच्यासाठी धरून ठेवते, म्हणाली. आणि मग जरा थांबून, ही चुकवू नका, एवढंच. ओरेस्टचे घोटे आधीच मोज्यांवरून ओघळल्यासारखे दिसत होते. आडवं झालं की त्याला धाप लागत होती. गावातल्या रुग्णांना नेणारी व्हॅन शहरातच अडकली होती, रुग्णवाहिका यायची ती माणूस पडल्यावर. म्हणजे उद्या सकाळपर्यंत गाडी चालली पाहिजे होती.

गाडी हे खातं मुळात ओरेस्टचं. तो आयुष्यभर महामार्गावर बर्फ ढकलणारा ग्रेडर चालवत आला. थंडीशी आपली जुनी ओळख आहे असं त्याला वाटे, आणि ते खोटंही नव्हतं. नेटी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पन्नाशी उलटेपर्यंत तिने गाडी चालवली ती चर्च आणि दुकान एवढीच. ओरेस्टच्या किडन्या गेल्या तेव्हा गाडीची चावी तिच्याकडे आली. अक्कल मात्र त्याने स्वतःकडेच ठेवली. काम करायचे हात तिचे, तोंड त्याचं, अशी वाटणी झाली.

घरातलं पाणीही त्या वर्षी बदललं. ओरेस्टने दिवसाला किती प्यायचं ते ठरलेलं, तहान लागली तर बर्फाचा खडा चघळायचा. किडन्यांना न झेपणारे क्षार जावेत म्हणून बटाटे दोनदा उकळून त्यांचं पाणी फेकून द्यायचं, बीट जवळजवळ बंद. नेटी नळ उघडताना आता ओरेस्टकडे बघून उघडायची.

नाताळाच्या आधी एका हरणाने उडी मारून गाडीचा रेडिएटर फोडला. नवा बसवायला शेजारचा लॉइड फिडलर आला होता. लॉइड मेती या तिथल्या मिश्र आदिवासी समाजाचा, सापळे लावून फर विकायचा आणि मधल्या वेळात सगळ्यांची यंत्रं उघडायचा. रेडिएटर बसवून तो गेला. इंजिन थंड ठेवणारं कूलंट नेटीने भरलं. दुकानात दोन प्रकारचे कॅन होते. एकात निम्मं पाणी आधीच घातलेलं, दुसऱ्यात मूळ अर्क, पाणी आपण घालायचं. तिने फोनवरून ओरेस्टला विचारलं होतं. तो म्हणाला, "पाणी कशाला विकत घेतेस? मूळचंच आण. आणि वर थेंबभर पाणी घालू नकोस. गोठतं ते पाणी, कूलंट नाही."

ते तिला पटलं होतं. गावात सगळेच असं म्हणत. तिने नव्या रेडिएटरमध्ये, धुऊन रिकाम्या केलेल्या इंजिनमध्ये, गळ्यापर्यंत निव्वळ अर्क भरला.

तो डिसेंबर कोवळा गेला. जानेवारीत त्यांच्या चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळ झाला आणि मग थंडी उतरली.

दुपारी लॉइड बर्फगाडीवरून आला. त्याचा पिकअप मुलगा उत्तरेला कामावर घेऊन गेला होता, नाहीतर त्यानेच नेलं असतं, असं तो दोनदा म्हणाला. त्याने खिशातून काचेची नळी काढली. तिच्यात चार रंगीत गोळ्या असतात. कूलंट ओढून घ्यायचं, जितक्या गोळ्या तरंगतील तितकी जास्त थंडी ते सोसतं. शेडमध्ये उभ्या गाडीत त्याने नळी बुडवली. कूलंट दाट होतं, सावकाश चढलं. चारही गोळ्या वर जाऊन बसल्या.

"कूलंट वाघ आहे," लॉइड म्हणाला. "मग ते फिरवणारा पंप गेलाय. नाहीतर थर्मोस्टॅटची झडप अडकलीय."

शेडशेजारच्या घराच्या खिडकीआडून ओरेस्टने काच ठोकली. तो आत खुर्चीत होता, पण खिडकी किंचित उघडून सगळं ऐकत होता. "कूलंटला हात लावू नका. मी भरलंय ते."

"भरलं मी," नेटी म्हणाली. "तू तोंड चालवलंस. आणि खिडकी लाव, घर गार होतंय."

पंप आणायचा तर शहरातून. शहरात जायचं तर गाडी. लॉइडने टोपी मागे सरकवली. मग तो म्हणाला, एखादा जुना थर्मोस्टॅट घरी आहे का बघतो, आणि गेला.

नेटी शेडमध्ये एकटी उभी राहिली. नळीत ओढलेलं कूलंट लॉइडने परत ओतलं नव्हतं, त्यामुळे पातळी जरा कमी वाटली. निदान तेवढं तरी भरून ठेवू, म्हणून तिने कोपऱ्यातला उरलेला कॅन उचलला. त्या कोपऱ्यात ना चुलीची ऊब पोचत होती ना विजेची. तिने कॅन तिरका केला. आतून काहीच आलं नाही. तिने हलवला. आत जड काहीतरी बदकन हललं, आणि तोंडाशी थिजलेल्या तुपासारखा हिरवा गोळा येऊन थांबला.

ती बराच वेळ तो गोळा बघत राहिली. मग तिने लाकडाच्या काडीने थोडा गोळा वाटीत काढला, घरात जाऊन चुलीजवळ विरघळवला, दोन बरण्यांत सारखा केला. एकीत तसाच ठेवला. दुसरीत, दुकानातल्या तयार कॅनसारखं, पाणी घातलं, अर्धं नाही, थोडं कमी. ढवळून दोन्ही बरण्या तिने ओसरीच्या कठड्यावर नेऊन ठेवल्या.

"काय मांडलंयस?" ओरेस्टने विचारलं.

"तुझी परीक्षा."

अंधार पडायच्या आत तिने दोन्ही आत आणल्या आणि त्याच्यापुढे टेबलावर ठेवल्या. पाणी घातलेली बरणी तिने तिरकी केली, कूलंट झुळझुळ हललं. दुसरी तिने पालथीच केली. काही पडलं नाही.

ओरेस्टने पालथी बरणी हातात घेतली, बोटाने तळ वाजवला. चेहरा काही सांगत नव्हता. "चाळीस वर्षं मी निव्वळ घालतोय," तो म्हणाला.

"घालतोयस कशात?"

"कशात म्हणजे. कमी झालं की वरून."

"वरून. म्हणजे खाली पाणी घातलेलं जुनं होतंच. या वेळी खाली काही नव्हतं."

त्याने बरणी टेबलावर ठेवली. नंतर, जणू विषय दुसराच आहे अशा सुरात म्हणाला, "पण गोळ्या चारही वर होत्या."

"नळी वजन बघते रे. गोठतं की नाही ते कुठे बघते?" हे तिला स्वतःलाच बोलताना कळलं. रात्रभर गाडीच्या नाकातून लोंबणारी विजेची तार खांबाला जोडलेली असे, त्या विजेने इंजिन ऊबदार राही, म्हणून गाडी सुरू व्हायची. रेडिएटर मात्र उघड्यावर. गाडी पळू लागली की वाऱ्याने आतलं सगळं थिजायचं आणि गरम इंजिनला गारवा मिळायचाच नाही.

लॉइड थर्मोस्टॅट घेऊन आला, त्याने बरणी बघितली, आणि आपल्या नळीला एक शिवी दिली. पुढचं काम दोघांनी केलं. शेडचं दार चारी बाजूंनी घोंगड्यांनी बंद करून गॅसचा हीटर रेडिएटरसमोर लावला. तासाभराने खालची तोटी वाहू लागली. साधारण दोन भाग काढून घ्यायचे, तीन ठेवायचे, आणि काढलेल्या जागी पाणी. नळाचं पाणी तिथे क्षारांचं, किटलीला पांढरा थर चढवणारं. घरात बिनक्षाराचं पाणी होतं ते ओरेस्टचं घोरणं थांबवणाऱ्या झोपेच्या यंत्राचं, बाटल्यांतलं.

"ते माझं आहे," ओरेस्ट दारात उभा राहून म्हणाला.

"आज रात्री घोर," नेटी म्हणाली.

तिने पाणी ओतायला घेतलं. सगळं आयुष्य ऐकलं होतं की गोठतं ते पाणी. आणि ती तेच ओतत होती, उद्याचा रस्ता आणि ओरेस्टची खुर्ची पणाला लावून. धूर बाहेर जावा म्हणून लॉइडने दार उघडून इंजिन सुरू केलं. नवं आणि जुनं आत मिसळेपर्यंत गाडी शेडबाहेर काढायची नाही, नाहीतर नुसतं पाणी रेडिएटरमध्येच दगड होईल. दोघं कान देऊन उभे राहिले. रेडिएटरची खालची नळी चाचपून लॉइड म्हणाला, गरम झाली. तिनेही हात लावून बघितला, मग पुन्हा लावला.

सकाळी उणे अडतीस. ओरेस्टला रात्रभर बसूनच झोपावं लागलं होतं. तिने रेडिएटरपुढे वारा अडवणारा नेहमीचा पुठ्ठा लावला, त्याला आत बसवलं. पहिल्या काही मैलांत हीटरमधून गारच वारा आला. ओरेस्टचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. काल जिथून वळली ते पुलाजवळचं वळण आलं. काटा मध्यावर होता. ती वेग कमी करून काट्याकडेच बघत राहिली.

"रस्त्याकडे बघ," ओरेस्ट म्हणाला. "काटा मी बघतो."

फोनवरची रेंजची शेवटची रेघ गेली. वळून जायचं की पुढे, हे ठरवायची ती शेवटची जागा होती. तिने पाय तसाच ठेवला. थोड्या वेळाने तिच्या नडग्यांना ऊब जाणवली. खरी आहे की मनाची, हे कळेना, म्हणून तिने हातमोजा काढून जाळीवर तळवा धरला.

"मध्यावर," ओरेस्ट म्हणाला. मग दर थोड्या वेळाने, तिने न विचारता, तेच म्हणत राहिला.

दवाखान्यात नर्सने त्याचं वजन केलं, आकडा बघून ओठ आवळले आणि त्याला खुर्चीत बसवून सुया लावल्या. यंत्र सुरू झालं. नेटी ते फिरू लागेपर्यंत उभी राहिली. मग बाहेर आली, गाडीची तार पार्किंगच्या खांबाला जोडली, आणि वाकून गाडीखालच्या बर्फावर कुठे गळलेल्या कूलंटचा हिरवा डाग आहे का बघितलं. नव्हता. परतीचा रस्ता व्हायचा होता. तिने पुन्हा वाकून बघितलं.