अंड्यांवरची पेरणी

क्षमाच्या घरी कांदासुद्धा चुलीपाशी येत नसे, आणि प्रयोगशाळेत ती रोज अंडी फोडत असे. बसवनगुडीतल्या त्या जुन्या मराठी माध्व घरात तिच्या आईला, अनुसूयाबाईंना, एवढंच ठाऊक होतं की मुलगी इस्पितळात काचेची कामं करते. फेटलेलं अंडं बाटलीत तिरकं थिजवायचं आणि त्यावर क्षयाचे जंतू वाढवायचे, हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

१९६१ साली तिचा थोरला भाऊ प्राणेश पुन्हा खोकू लागला. आदल्या वर्षी त्याने एका खासगी डॉक्टरकडे क्षयावर नुसती स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतली होती, आणि बरं वाटताच सोडली होती. आता तीच इंजेक्शनं पुन्हा चालू होती, पण ताप हटत नव्हता.

क्षमाने त्याचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. निळ्यावर लाल बारीक काड्या, जागोजागी: क्षयाचेच जंतू. तोच बेडका तिने बाटल्यांत पेरला: एक साधी, एकीत स्ट्रेप्टोमायसिन, एकीत आयसोनियाझिड हे क्षयावरचं दुसरं औषध. हे जंतू उगवायला आठवडे घेतात. तिला बसवेना. धुतलेल्या काचा ती पुन्हा धुवायची, बाटल्या ठेवलेलं उबेचं कपाट सारखं उघडायची.

"दार उघडून ऊब घालवू नकोस," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर उपेंद्र म्हणाले. "स्वल्प धीर धर."

घरी आईने विचारलंच, "जेवत नाहीस, बसत नाहीस. काय चाललंय तुझं तिथे?"

क्षमाने सगळं सांगून टाकलं, अंड्यांसकट. अनुसूयाबाईंनी चुलीवरचं भांडं उतरवलं. मग म्हणाल्या, "आल्यावर अंघोळ करून मगच आत येत जा. आणि प्राणेशचं काय ते लवकर बघ."

शेवटी साध्या बाटलीत भाकरीच्या चुऱ्यासारखे खरखरीत ठिपके उगवले. स्ट्रेप्टोमायसिनच्या बाटलीतही तसेच; ते औषध या जंतूंना मारत नव्हतं. आयसोनियाझिडची मात्र स्वच्छ.

"पण पहिल्यांदा त्याला गुण आला होता!" क्षमा म्हणाली.

"बहुतेक जंतू मेले म्हणून," डॉक्टर म्हणाले. "पण लाखोंत एखादा मुळातच असा असतो, की हे औषध त्याला लागू पडत नाही. बाकीचे मेले, त्याला रान मोकळं मिळालं. म्हणून दोन औषधं एकदम द्यायची. एकाला दाद न देणारा दुसऱ्याच्या तावडीत सापडतो."

आयसोनियाझिड आणि 'पास' नावाचं आणखी एक औषध सुरू झालं. पासने प्राणेशच्या पोटात ढवळायचं.

"ताप गेला ना? मग पुरे!" तो ओरडायचा.

"अण्णा, गेल्या वेळीही तू हेच म्हणालास." तो गिळेपर्यंत क्षमा समोरून हलत नसे. अनुसूयाबाई दाराशी ताक घेऊन उभ्या असत.

दीड वर्षाने बेडका स्वच्छ आला. प्राणेशने तुमकूरच्या शाळेत नोकरी धरली. निघताना क्षमाने त्याच्या पिशवीत रिकाम्या बाटल्या कोंबल्या, दर महिन्याला बेडका पाठवायला. त्याने त्या काढून ठेवल्या. स्टेशनवर दोघं भांडली आणि निरोप न घेताच तो गाडीत बसला.

पुढच्या महिन्यात क्षमा रजा काढून, त्याच रिकाम्या बाटल्या घेऊन, स्वतःच तुमकूरला गेली.