विमलताईचा उखाणा

"रामटेककडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे," असं मी माइकवर सांगत होते, आणि चौकशीच्या खिडकीशी विमलताईचा सुरेश येऊन उभा राहिला. एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करणं हे माझं काम. त्याचा चेहरा पाहिला आणि मी माइक बंद केला. "मावशी, आई गेली…" एवढंच तो म्हणाला. दर शनिवारी याच गाडीने ती रामटेकला जायची आणि चढण्याआधी खिडकीवर टकटक करून मला बजावायची, "शालू, आवाज बसून राहिला तुहा. जेवत जा वं वेळेवर." आता महिना होऊन गेला. शनिवारी ही घोषणा करताना मी अजून खिडकीकडे बघते.

मी माइकवर बोलते याचं कुणाला काही वाटणार नाही. पण सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीतली साठच्या दशकातली शालू ज्यांना आठवते, ते अजून हसतात. नोकरीच्या मुलाखतीला गेले, साहेबांनी नाव विचारलं आणि मी नुसती पदराचं टोक पिळत बसले. तशीच परत आले. विमलताई आमच्या समोरच्या घरात राहायची. नवरा गिरणीत होता, तो तापाने गेला, आणि पोरासाठी तिने शिवणयंत्र धरलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज तीच शिवायची. तिची चूल त्याच्यावरच पेटायची. माप देताना बायका तिच्याशी मन मोकळं करायच्या, तोंडाला खळ नसायचा. पण एकदा गल्लीला नळ नाही ही तक्रार बघायला महापालिकेचा माणूस आला, "काय अडचण आहे?" म्हणाला, आणि त्याच सगळ्या बाया भिंतीला टेकून गप्प. तो आल्या पावली निघून गेला. विमलताई जाम भडकली. "काहून वं, तोंडात टाचण्या धरल्या होत्या का साऱ्याईनं?"

त्या रागातूनच तिने ठरवलं की संक्रांतीला आपल्या घरी बायकांना बोलवायचं, आणि वाण त्यांनाच द्यायचं ज्या उभ्या राहून दोन शब्द बोलतील. मी घाबरले. विधवा बाईने संक्रांतीचं बोलावणं करायचं, वाण लुटायचं, हे त्या काळी आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. एखादीने नाक मुरडलं की तिचं बघून दुसरी, आणि मग ब्लाउज शिवायला सगळ्याजणी बाजारातल्या शिंप्याकडे. हातावर पोट असलेल्या बाईने असला जुगार खेळू नये, असं मी तिला म्हटलंसुद्धा. ती आपली कातरणांच्या रंगीबेरंगी पिशव्या शिवत बसली, वाण म्हणून द्यायला.

आणि आल्या की हो सगळ्या! काही पिशव्यांसाठी, काही मजा बघायला, आणि गल्लीत जिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे त्या गोदाकाकू, मला खात्री आहे, मोडता घालायलाच. खोलीत मुंगीला जागा नव्हती. विमलताईने यंत्रावरचं दोरा संपलेलं लाकडी रीळ उचललं. म्हणाली, हे ज्या बाईच्या हातात, तिनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिली उभी राहिली मधुकररावांची बायको. लाजली, पदर सावरला, आणि सुरू झाली: "काटोलच्या संत्र्याला साखरेची गोडी, मधुकररावांची नि माझी सात जन्मांची जोडी." टाळ्या! दुसरी उठली, तिनेही उखाणा. तिसरीनेही. आमच्या बायकांना चारचौघांत उभं करून बोल म्हटलं की दुसरं सुचणार काय? जन्मात एवढंच तर बोलायला शिकवलेलं. हसू आवरेना. रीळ हातोहात पुढे सरकत होतं, आणि मग माझ्या एकदम लक्षात आलं… ते शेवटी विमलताईकडेच येणार होतं. नवरा गेलेल्या बाईने उखाणा घ्यायचा नसतो. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात आलं आणि हसणं विरलं. शेजारणीने रीळ तिच्या हातात ठेवलं ते मान खाली घालून.

विमलताई उभी राहिली. मग ती म्हणाली:

"घरोघरची पोलकी शिवते, काजं-बटणं नीट,
विमल माझं नाव सांगते, होऊन थोडी धीट."

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्याजणी गोदाकाकूंकडे बघायला लागल्या. मी मनात म्हटलं, संपलं, उद्यापासून हिच्या दारात कुणी माप द्यायला यायचं नाही. काकूंनी हात पुढे केला. "आण इकडे ते रीळ. मी म्हाताऱ्याचंच नाव घेतलं, माह्यं राहूनच गेलं. मी गोदावरी. रामटेकले माह्यं माहेर. लहानपणी गडावर मी पोट्ट्यांच्या पयले पोचत होतो. आता मले कोणी इचारत नाही." एवढं बोलून त्या खाली बसल्या, डोळे पुसले, आणि हक्काने दोन पिशव्या मागून घेतल्या.

मग काय विचारता! ज्यांचे उखाणे झाले होते त्यांनी रीळ परत मागून घेतलं. दिवेलागण झाली, घरोघरची पोरं आयांना बोलवायला आली, तरी कुणी उठेना. मीही उभी राहिले आणि माझं नाव, आडनाव, शिक्षण सगळं खणखणीत सांगितलं, जणू समोर साहेब बसले होते. पुढच्याच मुलाखतीत मला ही नोकरी लागली. गल्लीला नळही आला, तो गोदाकाकूंनी कचेरीत जाऊन आणला.

पण खरा बदल विमलताईचा झाला. तिला एकदम उमगलं की आपल्याला शिवण्यापेक्षा हे जास्त चांगलं जमतं. शनिवारी दुपारी तिच्याकडे बायका जमायला लागल्या, मग खाप्याच्या महिला मंडळाने बोलावलं, मग रामटेकच्या. पुढे प्रौढशिक्षणाच्या वर्गांवर बायकांना बोलतं करायला तिची नेमणूक झाली, आणि सातवी शिकलेली आमची शिंपीण गावोगाव "मॅडम" झाली. आम्ही चिडवायचो, तर म्हणायची, "माप घेणंच आहे वं, फक्त टेप नाही लागत." यंत्र कोपऱ्यात गेलं. पिशवीत रीळ मात्र कायम.

तेराव्याला आम्ही त्याच खोलीत बसलो होतो. सुरेशने आईच्या पिशवीतून रीळ काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. हाताळून हाताळून ते गुळगुळीत झालंय. मला रडू फुटत होतं, पण रीळ हातात असताना गप्प बसलेलं तिला खपत नसे. मी उभी राहिले. नवऱ्याचं नाव मी आयुष्यभर पुष्कळदा घेतलं, त्या दिवशी म्हटलं:

"रिळाचा दोरा सरला, शिवण राहिली घट्ट,
विमलताईचं नाव घेते, पुरवते तिचा हट्ट."

आणि रीळ शेजारणीकडे दिलं.