दामूकाकांचं पिस्तूल

नाटकवाल्यांना भाषणं आठवत नाहीत, फजिती मात्र तोंडपाठ असते! आमच्या कोन गावच्या नाटक मंडळात तर एका नकली रिव्हॉल्वरचेच इतके किस्से साठलेत, की नाटकाचं नाव कुणी विचारलं तर मी, प्रॉम्प्टर असूनही, डोकं खाजवतो.

*

रिव्हॉल्वर जुन्या काळच्या, दारू भरायच्या हत्याराची नक्कल. नळी बंद, नुसती टिकली फुटते. गेल्या वर्षी शेवटच्या अंकात तीही फुटली नाही. आमचे खलनायक शशी मास्तर बिचारे आवाजाशिवाय मेले.

पुढे बसलेली एक आजी ओरडली, "अगो बाय, मास्तरला फिट आली!"

*

मग ते पिस्तूल दुरुस्तीला दामूकाकांकडे गेलं. काका मंडळातले जुने, तीस वर्षं लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, फिटर.

"लूमचा टायमिंग लावतो मी, याचा काय घेऊन बसलास!"

टिकल्यांची चक्री जागेवर येण्याआधीच घोडा पडत होता. काकांनी चार दिवस कानस मारली. मग स्प्रिंग ढिली वाटली, म्हणून चालू लूमची काढून कापून बसवली. लूमवरचे सलीमभाई हात जोडून म्हणाले, "काका, पिस्तौल चालू करने के लिए मेरा लूम बंद?"

*

स्प्रिंग अशी कडक, की आमच्या हीरोला, गणेशला, घोडा ओढायला दोन्ही हात लागायचे.

मास्तर म्हणाले, "अरे, मला मारतोयस की हापसा मारतोयस?"

काकांनी स्प्रिंग घासून नरम केली. वर सवयीने तेलही सोडलं. तालमीत सहाच्या सहा टिकल्या भिजलेल्या! काकांना हे पटेचना. "तेल न्हाय दिला त मशिन चालल कशी?"

*

शेवटी ठरलं, स्पीकरवर गोळीचा आवाज तयार ठेवायचा. काका चिडले.

"आवाज पिस्तुलातनंच येल. न्हाय आला त मंडल सोरला मी!"

काकांशिवाय मंडळ ही कल्पनाच सहन होईना. आम्ही गुपचूप स्पीकरची वायर काढली.

*

प्रयोगाच्या संध्याकाळी काकांनी फिटरच्या शिस्तीने आधी ट्रायल घेतली. सहाही टिकल्या फुटल्या. नव्या भरून त्यांनी पिस्तूल गणेशच्या हातात दिलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

शेवटचा अंक. गणेशने नेम धरला. घोडा ओढला, चक्री फिरेना. पुन्हा ओढला, तेच. मास्तर छाती पुढे करून उभे.

तेवढ्यात काका उठले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट स्टेजवर चढले. पिस्तूल काढून घेतलं, खाली बसले, चक्री काढली.

"ट्रायलच्या टिकलीचा तुकरा अरकलाय. माझीच चूक हाय. उजेर दे रे कोनतरी!"

मास्तरांनी खिशातून मोबाईल काढला, टॉर्च लावला आणि काकांच्या शेजारी उकिडवे बसले.

काकांनी तुकडा उडवला, चक्री बसवली, फुंकर मारली आणि पिस्तूल गणेशला दिलं.

"आता मार त्याला."

ठो!

मास्तर ओरडले, "जमलं, दामूकाका!" आणि मग मेले.