बटरवर्थांची वंशावळ

विलासराव भोईटे फलटण भागात तलाठी म्हणून लागले आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत आपल्या हातून एकही नोंद चुकली नाही, असं ते कुणी न विचारताही सांगत. कचेरीतल्या लोकांचं यावर वेगळं मत असेलही. पण ती माणसं राहिली फलटणला, आणि विलासराव आता डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला, मुलीकडे, सुनेत्राकडे. इथे त्यांना खोडून काढणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची बायको सुलक्षणा. तिचं ते तसंही कधी ऐकत नसत.

शेजारी केन बटरवर्थ राहायचा. वय शहात्तर, जन्म मँचेस्टरजवळच्या ओल्डमचा. पन्नास वर्षांपूर्वी बस दुरुस्तीच्या कामाला म्हणून डब्लिनला आला, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि इथलाच झाला. आता बायको राहिली नव्हती. नात ईफा जवळच राहते म्हणून तोही ॲडम्सटाउनला आला होता. दोघा म्हाताऱ्यांची गट्टी जमली ती कुंपणावरून. केन त्यांना ‘विल’ म्हणे. विलासरावांना घरात सगळे बाबा आणि आजोबा म्हणत. अशी नावाने हाक मारणारा, बरोबरीचा माणूस त्यांना या देशात हा एकच मिळाला होता.

गेल्या हिवाळ्यात केनने आपल्या आजोबांचा फौजेतून सुटल्याचा कागद विलासरावांपुढे ठेवला. बाप सूतगिरणीत, आजोबाही सूतगिरणीत, आणि त्याआधी काय ते केनला ठाऊक नव्हतं. कागदावर नाव होतं वॉल्टर एडविन बटरवर्थ.

“झालं की मग!” विलासराव म्हणाले. “वॉल्टर मुलगा, एडविन बाप.”

ते स्वतः विलास ज्ञानदेव भोईटे. त्यांचे वडील ज्ञानदेव सखाराम. हजारो सातबारे असेच वाचलेल्या माणसाला यात शंका ती कसली? आणि बत्तीस वर्षं सरकारी दप्तर सांभाळलेल्या माणसापुढे केन तरी काय बोलणार?

मग सुनेत्राच्या लॅपटॉपवर दोघांची कचेरी भरू लागली. मोडी वाचलेल्या डोळ्यांना जुनी गिचमिड इंग्रजी अक्षरं काय जड! ओल्डमच्या जुन्या जनगणनेत एडविन बटरवर्थ सापडला. सूतगिरणीत मुकादम, आणि घरात नऊ वर्षांचा वॉल्टर. एडविनचा बाप सापडला, आजा सापडला, हातमाग असलेला पणजाही सापडला. विलासरावांनी मोठ्या कागदावर तलाठी काढतात तशी झोकात वंशावळ काढली.

केन इतका खूश झाला की विचारू नका. जन्मभर बसच्या ग्रीसने हात काळे केलेल्या माणसाला आपला पणजोबा मुकादम निघाला याचं कोण कौतुक! येईल त्याला तो कागद दाखवू लागला. त्यात ईफाला मुलगी झाली. ग्रेस हे नाव ठरलंच होतं, पण दुसरं नाव एडविना ठेवायचं, असा हट्ट केनने धरला. ईफाला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण आजोबांच्या तोंडाकडे बघून ती इथल्या पद्धतीने “ग्रँड”, म्हणजे ठीक आहे, म्हणाली. रविवारी चर्चमध्ये बारसं ठरलं.

आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी दुपारी विलासरावांचं पितळ उघडं पडलं.

वंशावळीसोबत फ्रेम करून द्यावा म्हणून त्यांनी वॉल्टरचा जन्मदाखला इंग्लंडहून मागवला होता. तो ईमेलवर आला. मुलाचं नाव वॉल्टर एडविन. आईचं नाव हॅना बटरवर्थ, सूतगिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात कामाला. बापाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. खबर देणाऱ्याच्या सहीच्या जागी एक वेडीवाकडी फुली, आणि बाजूला कारकुनाच्या अक्षरात: हॅना बटरवर्थ, आई, हिची निशाणी.

“सुनेत्रा, अगं हे बघ. बापाचं नाव मधे आहे आणि बापाच्या रकान्यात रेघ!”

सुनेत्राने स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “बाबा, इकडे मिडल नेम म्हणजे वडिलांचं नाव नसतं हो. कुणाचंही ठेवतात. आवडलं म्हणूनसुद्धा. तुम्ही मला आधी विचारायचं ना!”

मुकादम एडविन परका होता, त्याचा वॉल्टर दुसराच कुणी होता. चार पिढ्या विलासरावांनी शेजाऱ्याच्या गळ्यात मारल्या होत्या, आणि रविवारी एका तान्ह्या पोरीला परक्याचं नाव मिळणार होतं. सांगावं तर केनचा आनंद जाणार, आणि बहुधा केनही. या देशातला त्यांचा एकुलता एक मित्र.

“नाही सांगितलं तर?” ते पुटपुटले. “कोण बघायला जातंय?”

सुलक्षणाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “नोंद चुकली तर दुरुस्ती करतात ना तुमच्यात? मग उठा की.”

शुक्रवारी सकाळी विलासराव केनच्या स्वयंपाकघरात बसले होते. चहा समोर निवत होता. त्यांनी दाखला पुढे सरकवला आणि सगळं सांगून टाकलं. “चूक माझी आहे, केन. मी फार खात्रीने बोललो.”

केनने चष्मा लावून दाखला वाचला. मग पुन्हा वाचला.

“म्हणजे मुकादम आपला नव्हेच?”

“नव्हे.”

केन उठला आणि खिडकीशी पाठ करून उभा राहिला. संपलं, विलासरावांना वाटलं. आता उठावं आणि घरी जावं.

“आजोबांना त्यांच्या वडलांबद्दल विचारलं की ते म्हणायचे, आमच्यात आईच होती,” केन तसाच म्हणाला. “मला वाटायचं, बाप लवकर गेला असेल.” तो परत येऊन बसला आणि त्या फुलीवर त्याने बोट ठेवलं. “पोरीला नाव लिहिता येत नव्हतं, विल. दिवसभर गिरणीत उभी राहायची आणि एकटीने पोर वाढवलं. आणि मी मुकादमाचं कौतुक करत बसलो होतो.”

मग त्याचं बोट वर सरकलं आणि एडविनवर थांबलं. “लग्न झालेलं नसताना बापाचं नाव लिहायची तिला सोय नव्हती. पण तिला ते ठेवायचंच असलं, तर कुठे ठेवलं असतं? इथेच ना? कुणास ठाऊक, बाप एडविन, हे तुझं बरोबरही असेल.”

“पुरावा नाही,” विलासराव म्हणाले. “आमच्याकडे अशी नोंद पेन्सिलीने करतात. खात्री पटली तरच शाईने.”

“मग एडविन पेन्सिलीने,” केन म्हणाला. “आणि हॅना?”

“शाईने.”

नवी वंशावळ छोटी झाली. चारांच्या जागी एकच बाई सगळ्यांच्या वर. केनने ईफाला फोन लावून एडविना रद्द झाल्याचं सांगितलं तेव्हा पलीकडून इतक्या जोरात हसू आलं की विलासरावांनाही ऐकू गेलं. हॅनाबद्दल सांगितल्यावर मात्र तिने दाखल्याचा फोटो मागवून घेतला.

रविवारी भोईटे मंडळी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर होती. धर्मगुरूंनी मुलीचं नाव विचारलं आणि ईफाने खणखणीत आवाजात सांगितलं, “ग्रेस हॅना.” डोक्यावर पाणी पडताच पोरगी किंचाळली. सुलक्षणाबाईंनी सवयीने दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली.

नंतर बाजूच्या टेबलावर धर्मगुरू वहीत नोंद करत होते. विलासरावांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना राहवेना. ते मागे जाऊन उभे राहिले आणि एकेक अक्षर तपासू लागले. ग्रेस. हॅना. स्वच्छ, ठसठशीत अक्षर होतं.

“बरोबर आहे का, विल?” केनने शेजारून विचारलं.

विलासरावांनी मान डोलावली. “शाईने लिहिलंय,” ते म्हणाले.