एक सालवाला, तीन सालवाला

बाबांना नागपूरचा मराठी पेपर स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा होता. मागणी एवढीच, आणि तिच्यापायी माझा अख्खा महिना गेला.

त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. समोर पाहिलं की मध्ये धुरकट डाग येतो, कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून ते मान तिरकी करून बघतात, दाणा टिपण्याआधी कोंबडा बघतो तसे. छापील पेपर तर सुटलाच. तसाही नागपूरचा पेपर जबलपुरात यायचा तो शिळा होऊन, आणि पुढे आमच्याकडे यायचाच बंद झाला. आता तो कॉम्प्युटरवर जसाच्या तसा, पानंच्या पानं दिसतो. पण आमच्या घरचा स्क्रीन जुना. पान मोठं केलं की अक्षरं फुटायची, अनुस्वार कुठला आणि रफार कुठला ते समजायचं नाही. मी वाचून दाखवते म्हटलं की बाबा भडकायचे.

"पेपर वाचाचा असते, ऐकाचा नसते."

डॉक्टरांना मी विचारलं होतं, यांना अजून किती दिवस वाचता येईल? ते म्हणाले, "ये हम नहीं बता सकते. धीरे-धीरे भी हो सकता है." त्यातलं 'धीरे-धीरे' तेवढं घेऊन मी घरी आले.

तर मोठा, बारीक ठिपक्यांचा मॉनिटर घ्यायचं ठरलं. दुकानदार त्याला फोर-के म्हणतात. त्यात अक्षर कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. इथवर सगळं ठीक होतं. मग कळलं की फोर-केमध्येही एक स्वस्तातला असतो आणि एक भारीतला, आणि भारीतल्याची किंमत स्वस्तातल्याच्या दुपटीहून जास्त. माझी खरी साडेसाती इथून सुरू झाली.

मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तो म्हणाला, "मम्मी, सस्ता मत लेना, पछताओगी." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वैसे सस्तेवाले में भी कोई खराबी नहीं है." मग त्याने व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक व्हिडिओत एक तरुण दोन स्क्रीनच्या मधे बसून हातवारे करत अखंड बोलायचा आणि शेवटी सांगायचा, तुमची गरज काय त्यावर अवलंबून आहे. अरे बाबा, गरज मला माहीत आहे! तिच्यासाठीच तर तुझी बडबड ऐकतेय ना? हळदीकुंकवात विषय काढला, तर तिथेही दोन तट पडले. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. पण जनांचं ऐकून होईपर्यंत आपल्या मनात काय होतं तेच मी विसरले.

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे बाबा. त्यांनी जन्मभर फॅक्टरीत इन्स्पेक्शनचं काम केलं. माल पास किंवा रिजेक्ट, मधलं काही नाही. तिथली एक पद्धत त्यांनी घरीही आणली. वस्तू तपासायच्या आधी तिच्यावरचं कंपनीचं नाव झाकायचं. नाव दिसलं की नजर लाच खाते, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे कुकर, पंखे, आईच्या साड्या, सगळं असंच नाव झाकून पारखलं गेलं. माझ्यासाठी आलेल्या स्थळाची पत्रिका बघतानाही त्यांनी आडनावावर अंगठा धरला होता. ते स्थळ पास झालं. तो पास झालेला माणूस मात्र हा महिनाभर "तुम्ही बापलेक बघून घ्या" म्हणून मजेत बाजूला राहिला.

"दोनही समोरासमोर ठेवून पाहीन," बाबा म्हणाले. "त्याशिवाय घेणं नाही."

शेवटी जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार भला होता. त्याने डावीकडे स्वस्तातला आणि उजवीकडे भारीतला, असे दोन्ही मॉनिटर शेजारी शेजारी मांडले. बाबांनी खिशातून कागदाच्या पट्ट्या आणि चिकटपट्टी काढली आणि चाचपडत दोन्हींवरची नावं झाकायला लागले.

"अंकल जी, ये क्या कर रहे हैं?"

"इन्स्पेक्शन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदाराने दोन्ही स्क्रीनवर मोर लावला. मोर नाचला, पिसारा फुलला, इतर गिऱ्हाइकं वा वा करायला लागली. बाबा म्हणाले, "मोर अच्छा है भैया. मोर में पढ़ना क्या है?"

मग मी नागपूरचा पेपर उघडला. बाबांनी त्यातलं सगळ्यात बारीक टाइपाचं मागितलं, म्हणजे वधू-वरांच्या जाहिराती. मी त्या मोठ्या करून दोन्हींवर लावल्या. आधी बाबा डावीकडच्यासमोर उभे राहिले. मान तिरकी केली, नाक काचेला लागेल इतके पुढे झुकले. वाचलं, अडखळले, मागे गेले, पुन्हा वाचलं. मग उजवीकडच्यासमोर आले आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले. सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, मंगळ नसलेली, नोकरीची तयारी असलेली. एक जाहिरात संपली तशी दुसरी धरली. ती संपल्यावर म्हणाले, "अशी पोरगी आता कुठं भेटते?" आणि स्वतःच हसले.

कित्येक महिन्यांत मी त्यांना एक सबंध वाक्य वाचताना ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या मोराचेही आभार मानावेसे वाटले. सुटलो एकदाचे, असं मनात म्हणत मी पर्स उघडली.

तेवढ्यात बाबांनी विचारलं, "भैया, गारंटी कितनी है?"

"अंकल जी, लेफ्टवाले की एक साल, राइटवाले की तीन साल."

बाबांनी थोडा विचार केला आणि डावीकडच्या, म्हणजे जिथे ते अडखळले होते त्या मॉनिटरवर बोटाने टकटक केलं. "ये पास. यही बाँध दो भैया."

माझा तोलच सुटला. दुकानात आहोत, लोक बघताहेत, कशाचं भान राहिलं नाही. "बाबा, काहून असं करून राहिले तुम्ही? आत्ता इथं घडाघडा वाचलं ना? महिनाभर माझा जीव खाल्ला तो यासाठी?"

"ओरडू नको," ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडं नियम होता. माल जितके दिवस चालाचा, तितकाच दम त्याच्यात भराचा. ज्यादा भरला तर वाया. मी तीन वर्षांची गॅरंटी घेऊन काय करू? डॉक्टर माह्या डोळ्यांची एक वर्षाचीही देऊन नाही राहिला. तू होती ना तिथं?"

होते ना. त्याच खोलीत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. मी 'धीरे-धीरे' उचलून आणलं आणि त्यांनी 'नहीं बता सकते' उचललं. घरी येऊन आम्ही दोघं एकत्र बसून जेवलो, टीव्ही पाहिला, आणि डॉक्टरांच्या त्या बोलण्यावर एक शब्दही बोललो नाही. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. त्यांचा, डॉक्टरांचा, त्या हातवारेवाल्या पोरांचा, सगळ्यांचाच.

"भैया," मी म्हटलं, "तीन सालवाला पैक कर दो."

"मी तो रिजेक्ट केला आहे."

"तुमचं इन्स्पेक्शन चुकलं, बाबा. नाव झाकलं, मग गॅरंटी काहून विचारली? तेही नावच झालं. डोळ्यांनी उजवा पास केला होता. तुमच्या नजरेनं लाच खाल्ली."

एवढ्या वर्षांत बाबांचं इन्स्पेक्शन चुकलं असं त्यांना घरात कुणी म्हटलं नव्हतं. दुकानदाराने पट्ट्या काढू का विचारलं, तर बाबा मानेनेच हो म्हणाले. ऑटोत खोकं दोघांच्या मांडीवर आडवं घेऊन आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मॉनिटरसमोर बसले. पेपर उघडून दिला तर म्हणाले, थांब, आधी ते गॅरंटीचं कार्ड आण. मी कार्डाचा फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून दिला. त्यांनी मान तिरकी केली आणि कार्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या तारखेपर्यंत एकट्याने वाचून काढलं.

"काय ताप करून ठेवला तू," ते वैतागून म्हणाले. "आता तीन वर्षं हे डोळे चालवाच लागतीन."