मल्लिनाथ सरांचं थांबणं

मल्लिनाथ सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरग्याच्या कोर्टाबाहेर चहा पीत उभा होतो. फोन काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा. "सकाळी पूजेला बसले अन् तिथंच कलंडले..." मग त्यांनी विचारलं, "तुमचं दोघांचं भांडण मिटलं होतं का हो?" मी "नाही" म्हणालो. "मला वाटलंच," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्याला आता दीड महिना झाला, पण ते भांडण अजून माझ्या डोक्यात चालूच आहे.

सर मूळचे मुरुमचे. घरात कानडी, वडिलांच्या अडत दुकानात मराठी, अशा दोन भाषांत वाढलेले. पुढं विधी महाविद्यालयात ते राज्यघटना शिकवायला लागले, आणि मी त्यांचा विद्यार्थी झालो. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या त्यानंतरच्या वर्षांत ते शिष्यवृत्तीवर बुडापेस्टला जाऊन आले होते. तिथलं काही सांगताना ते खुर्चीत बसूच शकत नसत. "अरे, पक्ष म्हणेल तो कायदा, अशी चाळीस वर्षं काढलेली माणसं! त्यांना एकदम असं कोर्ट मिळालं, जे संसदेचा कायदा रद्द करू शकतं. कुणीही साधा माणूस तिथं अर्ज करायचा!" त्या नव्या घटना न्यायालयांचे न्यायाधीश भराभर कायदे रद्द करत होते, लोक खूश होते. सर मात्र धास्तावून परत आले. न्यायाधीशानं स्वतःला आवरलं पाहिजे, असं सांगणारं त्यांनी पुस्तकच लिहिलं. सगळं कोर्टानंच केलं तर संसद शिकणार कधी? आणि उद्या दांडगं सरकार आलं, तर ते आधी कोर्टाचेच हात बांधेल. पुढं त्या भागातल्या काही देशांत तसं झालंही. लोक म्हणाले, सर द्रष्टे. पण सरांना त्याचं काहीच सुख नव्हतं. कारण तिथलेच काही न्यायाधीश आता म्हणत होते की, कायदा रीतसर मंजूर झाला एवढंच आम्ही बघू, त्यात काय लिहिलंय ते बघणं आमचं काम नाही. म्हणजे सरांचीच भाषा! "ते थांबले, का भ्याले?" हा प्रश्न ते मला फोनवर विचारायचे, लग्नाच्या पंगतीतही विचारायचे.

निवृत्तीनंतर ते मुरुमला येऊन राहिले. जवळच्या एका शिक्षणसंस्थेनं त्यांना सल्लागार नेमलं. त्या संस्थेच्या शाळेतल्या संगीता मॅडमनी अध्यक्षांच्या पुतण्याचे गुण वाढवायला नकार दिला, आणि त्यांच्यावर कामचुकारपणाचा ठपका आला. चौकशी झाली. नोटिसा, जबाब, सह्या, सगळं जागच्या जागी. सरांनी मत दिलं : कार्यपद्धती योग्य आहे, निर्णयाच्या गुणदोषांत मी शिरणार नाही. मॅडमची नोकरी गेली.

मी उमरग्याला वकिली करतो; मॅडम माझ्याकडं आल्या. न्यायाधिकरणात अपील दाखल केलं, पण हातात पुरावा नव्हता. सरांना साक्षीला बोलवावं, हे माझ्या मनात आलं होतं, पण विचारायची हिंमत झाली नाही. एक दिवस तेच ऑफिसात आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडमच्या चौकशीच्या बैठकीत अध्यक्ष माझ्यादेखत म्हणाले होते, बाईला काढायचंच हाय, कागद तेवढा नीट ठेवा. मी ऐकलं, अन् कागदच तपासत बसलो. माझी साक्ष घे."

"सर, गावात राहायचंय तुम्हाला..."

"ते मी बघतो. तू तारीख सांग."

उलटतपासणीत संस्थेच्या वकिलांनी त्यांचं पुस्तकच पुढं केलं. "संयमावर एवढं लिहिलंत. मग तेव्हा गप्प का बसलात?"

सर म्हणाले, "मला वाटलं, तो संयम आहे."

"आणि आज?"

सरांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. "आज वाटतं, भीती असावी. पण नक्की सांगता येत नाही मला."

त्या दिवसापासून संस्थेच्या लोकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. रोज संध्याकाळी गप्पांना येणारे दोघं-तिघं येईनासे झाले. पण मॅडम जिंकल्या. न्यायाधिकरणानं त्यांना कामावर घ्यायचा हुकूम दिला आणि जाता जाता संस्थेच्या साऱ्या कारभारावर पानंच्या पानं कोरडे ओढले. मी पेढे घेऊन मुरुमला गेलो. सरांनी आदेश वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "शेवटची पानं कशाला लिहिली? बाईंना न्याय द्यायला त्यांची गरज नव्हती. हे जास्त झालं."

मी भडकलो. "त्या अध्यक्षानं बाईंना देशोधडीला लावलं असतं, आणि तुम्हाला पानं जास्त वाटतात? अजून तुम्ही बुडापेस्टातच आहात!"

"तिथंच आहे," ते म्हणाले. "तू पेढा खा."

मी न खाताच निघालो. तीच आमची शेवटची भेट.

मॅडम आता रोज शाळेत जातात. संस्था उच्च न्यायालयात गेली आहे, आणि तिच्या अर्जाचा सगळा भर त्या शेवटच्या पानांवर आहे... माझा राग अजून गेलेला नाही. सरांचं बरोबर होतं, म्हणून तो उलट वाढला आहे.

गेल्या रविवारी मुरुमला गेलो. दर रविवारी सरांच्या घराच्या पुढच्या सोप्यात तरुण वकील जमायचे, घटनेवर वाद घालायचे. मला वाटलं होतं, आता दार बंद असेल. पण काकूंनी सतरंजी अंथरून ठेवली होती आणि दोघं वकील कुठल्याशा निकालावरून आवाज चढवून भांडत होते. कोर्टानं मध्ये पडायला हवं होतं, असं एकाचं म्हणणं. तो कोर्टाचा प्रांतच नाही, असं दुसऱ्याचं. त्यांनी मला विचारलं, "सर असते तर काय म्हणाले असते?"

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "काय म्हणतेत? दोघांनाबी गप बसा म्हणले असते, अन् मग सोताच सांजपर्यंत बोलत बसले असते!"

आम्ही हसलो. मग पहिल्यानं पुन्हा सुरुवात केली, दुसऱ्यानं त्याला तोडलं, आणि मीही सतरंजीवर पुढं सरकलो.